ताप : निरंक

चामोर्शी
३ ऑक्टोबर २०२३

संघप्रिया,

जयभीम. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यात तूच म्हणाली होतीस, "आता मले काही सांगाचं असंन तं लिहून द्या. रजिस्टर लिहाची सवय आहेच तुम्हाले." तू ते रागात म्हणालीस हे कळतं. पण बत्तीस वर्षं रजिस्टर लिहिलेल्या माणसाला दुसरं काय येणार?

काम एवढंच आहे की ९ नोव्हेंबरला तुझ्या आईला जाऊन वर्ष होतं. आपल्या विहारात पुण्यानुमोदन ठेवलं आहे. भन्तेजींना सांगून झालं. अश्वजितरावांना प्लांटमधून सुट्टी मिळत नसेल तर तू एकटी ये. ऊर्जानगरहून सकाळी लवकर निघालीस तर अकरापर्यंत पोहोचशील. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, नुसती येऊन बस.

माझं बरं आहे. गुडघे धरतात. जेवणाला चव लागत नाही आणि पोट साफ होत नाही. हाडाच्या डॉक्टरला दाखवलं, पोटाचाही फोटो काढला, सगळं नॉर्मल. म्हणजे वयाचं आहे. मी छप्पन सालचा, सदुसष्ट पूर्ण झाली, आता शरीर कुरकुर करणारच. टीव्हीचा आवाज बंद पडला आहे. दुरुस्तीला न्यायचा राहिला. चित्रं दिसतात, तेवढं पुरतं.

आता तुझी आई गेली त्या दिवशीच्या तुझ्या प्रश्नाबद्दल. तू विचारलंस, "बाबा, म्हाताऱ्या माणसाले ताप न येताबी निमोनिया होते, हे तुम्हाले खरंच माहीत नव्हतं?" मी नाही म्हणालो. आजही तेच लिहितो. आम्ही मलेरियावाले. घरोघर जायचं, ताप आहे का विचारायचं. असला तर बोट टोचून काचेवर रक्त घ्यायचं. नसला तर 'निरंक' लिहून पुढच्या घरी. बाकीचं आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

९ तारखेला ये.

तुझे बाबा
डोमाजी


१२ नोव्हेंबर २०२३

संघप्रिया,

तू आली नाहीस. पंचवीसेक माणसं होती. भन्तेजी चांगलं बोलले. खीर उरली, ती शेजारच्या सुकरीबाईने नेली आणि दुसऱ्या दिवशी गरम करून मलाच आणून दिली. मग कळलं की तू ऊर्जानगरच्या विहारात वेगळा कार्यक्रम केलास. तुझी आई असती तर म्हणाली असती, चला, माह्यापायी दोन्हीकडं खीर झाली.

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मी खुर्चीवर बसून त्याची वाट पाहिली. मग गुडघा दुखायला लागला म्हणून उठून तेल लावलं.

तू म्हणाली होतीस की मी रडलोसुद्धा नाही. खरं आहे. अठ्ठ्याऐंशी साली माझी माय गेली तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो. तीन दिवस रडलो. अंगात ताप भरला. तुझ्या आजोबांशी भांडलो आणि सायकल उचलून आपटली. तुझी आई दारात उभी राहून म्हणाली, "रडा ना जी, पण सायकल काऊन तोडता?" तेव्हा दुःख झालं की कळायचं तरी. या वेळेला तसं काही झालं नाही. सगळं पार पाडलं, माणसं गेली, भांडी मोजून परत केली.

लिहून द्या म्हणालीस ना, तर रजिस्टरात लिहितो तसंच देतो.

५ नोव्हेंबर २०२२, शनिवार. तुझ्या आईने, बायनाने, सकाळी चहात मीठ टाकलं. मला श्रीहरी म्हणून हाक मारली. श्रीहरी तिचा भाऊ, तो जाऊन नऊ वर्षं झाली. कपाळाला हात लावून पाहिला, गार. तक्त्यात लिहिलं, ताप निरंक.

६ नोव्हेंबर, रविवार. जेवली नाही. अर्धवट पातळ नेसून अंगणात उभी राहिली. आत आणून बसवलं. दुपारी तुझा फोन आला. मी सांगितलं, ताप नाही, खोकला नाही, वयाचं आहे.

७ नोव्हेंबर, सोमवार. दिवसभर पडून. श्वास भरभर. थर्मामीटर लावला, अठ्ठ्याण्णव.

८ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी हाक मारली तर डोळे उघडले नाहीत. ऑटोने गडचिरोलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही फुप्फुसं भरली आहेत, तीन दिवस आधी आणायला पाहिजे होतं.

९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी साडेसातला गेली.

तक्ता म्हणजे कोणता ते तुला सांगायला नको. धानोऱ्याकडच्या गावांत प्रत्येक घराच्या भिंतीवर मी गेरूने चौकट आखायचो. तारीख, ताप, सही असे तीन रकाने. खाली पुढच्या भेटीची तारीख, म्हणजे त्या दिवशी माणसं मोहफुलं वेचायला न जाता घरी राहतील. सुट्टीत तू सायकलच्या दांडीवर बसून यायचीस आणि निळ्या पेन्सिलीने तारखा टाकायचीस. तेव्हा आठ वर्षांची होतीस. रिटायर झाल्यावर हात शिवशिवायला लागले, म्हणून आपल्याही दाराशेजारी मी तसाच तक्ता आखला. दर पंधरवड्याला बायनासमोर वही धरून उभा राहायचो. "ताप आहे का बाई?" ती म्हणायची, "आहे. समोरच उभा आहे." तरी मी निरंक लिहायचो.

तो तक्ता आहे तसाच आहे. ५ नोव्हेंबरनंतर त्यात काही लिहिलेलं नाही.

बाबा


१० डिसेंबर २०२३

संघप्रिया,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. पत्र पोहोचतं एवढं मला पुरे. पोस्टातला माणूस सांगतो की परत आलेलं नाही.

सुकरीबाईने मला वैताग आणला आहे. काल सकाळी येऊन दारात बसली. म्हणे, "भाऊ, आठ रोजापासून हाच सदरा घालून राह्यले तुमी. भाजी ठेवून जातो तं तशीच रायते. परवा गंजात ठेवलेलं दूध जळलं, गंज काळा पडला, वास माह्या घरात आला, तुमी तिथीच बसून होते." मी म्हणालो, बाई, सदुसष्ट वर्षांचा माणूस विसरणारच. वयाचं आहे.

ती मग म्हणाली, "बाईलेबी तुमी हेच म्हटलं होतं."

आणि उठून गेली. तिने काही रागाने म्हटलं नाही. गोठ्यात शेण पडलं आहे असं सांगावं तसं सांगितलं. मी तिथेच बसलो. दूध खरंच जळलं होतं. मला वास आला होता आणि उठावंसं वाटलं नव्हतं. विसरलो असं सुकरीला सांगितलं ते खोटं होतं. तुला खरं लिहितो.

खरं लिहायचंच आहे तर आणखी एक गोष्ट. मागच्या पत्रात सोमवारची नोंद मी अर्धी दिली. त्या दिवशी दुपारी सुकरी आली होती. बायनाला पाहून म्हणाली, "भाऊ, इची तब्येत बरी नाई. माह्या जावयाचा ऑटो घरीच आहे, आत्ताच नेऊ." मी काय उत्तर दिलं ठाऊक आहे? म्हणालो, बत्तीस वर्षं मी आरोग्य खात्यात काढली, तू मला शिकवते का? ती तुझ्या आईचा हात हातात घेऊन थोडा वेळ बसली आणि गेली.

कारण मात्र वेगळंच होतं. बायना तोंडाला येईल ते बोलत होती. मध्येच लहान मुलीसारखी हसत होती. तिचं पातळ ओलं झालं होतं. ऑटोत बसवून चौकातून न्यायचं, बसस्टँडवर माणसं पाहणार, डोमाजीची बायको चळली म्हणणार. मला लाज वाटली. मी ठरवलं की बुधवारपर्यंत पाहू. खेड्यांतल्या बायांना याच लाजेसाठी मी किती बोललो आहे. दवाखान्यात कसली लाज, असं अंगणात उभा राहून ओरडायचो.

हे तुला माहीत नव्हतं. सुकरीने आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बाबा


३ जानेवारी २०२४

संघप्रिया,

काल गडचिरोलीला जाऊन आलो. सुकरीने नेलं. सरळ जावयाचा ऑटो दारात आणून उभा केला. म्हणाली, "आता शिकवू का नको?" मी बसलो. चौकातून गेलो. कुणी पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाई तुझ्याहूनही लहान आहे. गुडघे सांगितले, पोट सांगितलं, चव सांगितली. तिने जुने सगळे कागद पाहिले, रक्त तपासलं, छाती ऐकली. मग एक छापील कागद काढला आणि एकेक प्रश्न विचारून खूण करत गेली. झोप कशी आहे. भूक कशी आहे. कशात मन लागतं का. दिवसभरात कुणाशी बोलता. मला हसू आलं. आयुष्यभर मी लोकांना प्रश्न विचारून रकाने भरले आणि आता माझाच रकाना भरला जात होता.

तिने विचारलं, "रडू येतं का काका?"

मी म्हणालो, नाही.

"उदास वाटतं?"

नाही. काहीच वाटत नाही.

तिने मान हलवली आणि तिथेच खूण केली. मी म्हणालो, बाई, मी नाही म्हणालो ना. ती म्हणाली, "काका, तरुण माणसाला उदासी आली की तो रडतो, चिडतो, कुणाला तरी सांगतो. तुमच्या वयात ती बरेचदा अशी येते. गुडघे दुखतात, पोट बिघडतं, चव जाते, दूध जळत असलं तरी उठवत नाही. माणूस म्हणतो मला दुःख नाही. घरचे म्हणतात वय झालं. आणि ते तसंच राहून जातं."

मग माझ्याच्याने राहवलं नाही. विचारलं, तापाचंही तसंच असतं का?

"हो. वय झालं की ताप यायलाच पाहिजे असं नाही. छातीत मोठा संसर्ग असला तरी अंग गार लागू शकतं. माणूस एकदम बरळायला लागला, जेवायचा थांबला, तर तोच ताप समजायचा."

ती हे दिवसातून दहा जणांना सांगत असेल. मी पायांकडे पाहत बसलो. एका पायात माझी चप्पल होती आणि दुसऱ्यात बायनाची. तशीच घालून घरून निघालो होतो. सुकरीनेही पाहिली असेल, पण बोलली नाही.

गोळ्या दिल्या आहेत. गुण यायला तीन-चार आठवडे लागतील म्हणाली. एक खाल्ली. अजून काही वाटत नाही. २३ तारखेला मंगळवारी परत बोलावलं आहे.

बाबा


१४ जानेवारी २०२४

संघप्रिया,

हे पत्र मी पाच वेळा फाडलं. सोबत एक कागद जोडला आहे, तो आधी वाच.

वाचलास? अक्षर ओळखलं असशील. माझंच आहे. मार्च २०११ मध्ये आम्हा सगळ्यांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, त्या वहीतलं पान आहे. 'वयस्क रुग्ण : ताप नसला तरी संसर्ग असू शकतो. अचानक बरळणे, जेवण बंद, सुस्ती दिसल्यास ताबडतोब दवाखान्यात पाठवा.' खाली दोन रेघा ओढल्या आहेत. त्याही माझ्याच.

व्हरांड्यात तू विचारलंस तेव्हा मला ही वही आठवली नव्हती. शपथेवर सांगतो. पण बाराव्या दिवशी बायनाचं आधार कार्ड शोधताना पेटीतून निघाली. तेव्हापासून ती माझ्या उशाशी आहे. म्हणजे ३ ऑक्टोबरला मी तुला लिहिलं की कुणी शिकवलं नव्हतं, तेव्हा वही हाताच्या अंतरावर होती. मी खोटं लिहिलं. बत्तीस वर्षांत मी खोटी नोंद केली नाही, तुझ्या पत्रात केली.

आणि नुसतं लिहून घेतलं होतं असंही नाही. त्याच वर्षी पावसाळ्यात धानोऱ्याकडे चैतू नावाचा म्हातारा होता. ताप नव्हता, पण बकऱ्यांना माणसांच्या नावाने हाका मारत होता. त्याच्या मुलाने सांगितलं, म्हातारा झाला, असाच करते. मी ऐकलं नाही. खाटेवर घालून चार जणांनी नाल्यापार नेला, पुढे जीपने. पंधरा दिवसांनी तो माझ्यासमोर बसून बिडी ओढत होता. परक्या माणसाच्या बाबतीत मला सगळं माहीत होतं.

मग बायनाच्या वेळी काय झालं? फोनवर मी तुला वयाचं आहे म्हणालो. पण आता वाटतं की तिचं वय झालं आहे हे मी कधी धरलंच नव्हतं. वहीतलं ते वाक्य म्हाताऱ्यांसाठी होतं. बायना त्यात बसते हे माझ्या डोक्यात आलं नाही. ती चौसष्ट वर्षांची होती. शिवाय लाज होती, ती मी मागे लिहिली आहे. दोन्ही मिळून तीन दिवस गेले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की मला माहीत होतं.

हा कागद तुझ्याकडे ठेव किंवा फेकून दे. मला परत नको. तू कधी येणार नसशील तर तेही मी समजतो. पण तू माझ्या खोट्यावर रागावलेली राहावीस असं मला नको होतं. खऱ्यावर रागाव.

२३ तारखेला सकाळच्या बसने गडचिरोलीला जातो आहे, परत यायला चार वाजतील. तुला कळवायचं काही कारण नाही, सवयीने लिहिलं.

बाबा


२४ जानेवारी २०२४

संघप्रिया,

काल साडेचारला घरी पोहोचलो. कुलूप काढायला हात वर केला आणि तक्ता दिसला.

५ नोव्हेंबरच्या ओळीखाली निळ्या पेन्सिलीने २३-१-२४ लिहिलं आहे. पेन्सिल दोऱ्याने खिळ्याला बांधलेली असते, ती धुळीने भरली होती, आता पुसलेली आहे. सहीच्या रकान्यात 'सं'. तू आठ वर्षांची असताना अशीच सही करायचीस, वरचं टिंब मोठं. खाली पुढच्या भेटीची तारीख आहे, ६-२-२४. बरोबर पंधरवडा.

सुकरीला विचारलं. ती म्हणाली, "अकराच्या सुमारास आली होती पोरगी. भिंतीपाशी लय वेळ उभी होती. मी म्हटलं, बाबा नाईत व, गडचिरोलीले गेले. तं म्हणे, माहीत आहे मावशी. पाणी देल्लं, नाई घेतलं. माहा हात धरला अन् म्हणे, त्या दिवशी तुमी ऑटो काढतो म्हटलं होतं ना? मंग रडली. मीबी रडलो."

मी नसेन हे पाहूनच तू आलीस. मला ते बरोबर वाटलं. मीही पहिल्या भेटीला कधी घरात शिरायचो नाही.

डॉक्टरीणबाईंनी गोळी थोडी वाढवली आहे. विचारत होत्या, काही फरक वाटतो का. मी नाही म्हणालो होतो. काल संध्याकाळी भात आणि वरण केलं. वरणात मीठ कमी पडलं होतं. मला ते कळलं. उठून वरून घातलं. एवढंच झालं, पण त्यांना पुढच्या वेळी सांगीन.

तक्त्यात एक गोष्ट पाहिली. तू तारीख टाकलीस, सही केलीस, पण मधला तापाचा रकाना रिकामा ठेवलास. समोरच्या माणसाला विचारल्याशिवाय तो रकाना भरायचा नाही, हे मीच तुला सायकलवर शिकवलं होतं. ५ नोव्हेंबरला मी तो न विचारताच भरला होता. तिच्या कपाळाला हात लावला आणि निरंक लिहून मोकळा झालो. कसं वाटतं बायना, असं तिला एकदाही विचारलं नाही.

६ तारखेला मंगळवार आहे. दवाखान्याची तारीख त्यानंतरची आहे, त्यामुळे कुठे जाणार नाही. सदरा धुतलेला घालीन. तो रकाना मी तसाच ठेवला आहे. तू येऊन विचार, मी घरी आहे.

बाबा